स्विफ्टला १६५/८० आर१४ च्या जागी कुठला साइज टाकावा? टायरवाला १८५/७० म्हणतोय, मित्र १७५/८०

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी, टायरचं जरा सांगा की.

गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल. कंपनीचे टायर १६५/८० आर१४, साध्या लोखंडी डिस्कवर (म्हणजे रिमवर). पुढचे दोन्ही घासून खुणेपर्यंत आलेत, मागच्यांची नक्षी अजून आहे पण साइडला बारीक बारीक चिरा दिसायला लागल्यात, त्यामुळं चारही एकदमच बदलायचा विचार करलालोय.

वापर असा आहे की रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, अधूनमधून पुणे हायवेनं, आणि सुट्टीला गावाकडं मंगळवेढ्याच्या बाजूला. गावाकडचा शेवटचा पट्टा लई खराब आहे, उसाचा सीझन चालू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याचे दोन चर करून ठेवलेले असतात, मधला उंचवटा आणि गतिरोधक दोन्हीकडं पाच माणसं बसली की गाडी खाली घासते. आईला कमरेचा त्रास आहे, त्यामुळं दणके पण कमी बसले पाहिजेत.

आता तीन जणांनी तीन साइज सांगितलेत. दुकानदार म्हणतो १८५/७० आर१४ टाका, त्याच डिस्कवर बसतो, रुंद आहे, गाडी पण उचलली जाते. मित्र म्हणतो १७५/८० आर१४ टाक, उंची पाहिजे तर तोच. आणि चुलत भाऊ म्हणतो आता खर्च करतोच आहेस तर १६ इंची अलॉय घालून १९५/५५ आर१६ टाक, गाडी दिसते पण भारी. मला दिसण्याचं काही नाही, उंची आणि ब्रेक ह्या दोन गोष्टी पाहिजेत. स्पीडोमीटर, ॲव्हरेज, आरटीओ, इन्शुरन्स ह्यात काही लफडं होतं का ते पण सांगा.

पार्क_चौक

१८५/७० बिनधास्त टाका भाऊ. माझ्या जुन्या स्विफ्टला तेच होते, तीच डिस्क. पावसात ब्रेक मारला की फरक कळतो, मोडनिंबच्या पुढं १०० ला पण गाडी रेषेत चालायची. १६५ म्हणजे सायकलचा टायर वाटतो राव गाडीखाली. ॲव्हरेज किंचित पडलं पण चालतंय तेवढं.

पान्हा_जॅक

आमचं घरचं टायर-अलाइनमेंटचं काम आहे, लहानपणापासून ह्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण साइज बदलताना लोक फक्त रुंदी बघतात आणि बाकीचं दुकानदारावर सोडतात.

टायरवरचा आकडा आधी नीट वाचा. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे साइडवॉलची उंची, पण ती मिलिमीटर नाही, रुंदीच्या ८० टक्के. १४ म्हणजे डिस्क किती इंची. म्हणजे तुमच्या टायरची साइडवॉल १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, ती वर आणि खाली मिळून २६४, त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी मिळवा, झाला एकूण व्यास साधारण ६२० मिमी. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, बाकी सगळं ह्याच्याशी जुळवायचं.

आता १८५/७० आर१४ काढा. १८५ चे ७० टक्के १२९.५, दोनदा २५९, अधिक ३५५.६, म्हणजे ६१४.६. तुमच्या आत्ताच्या टायरपेक्षा ५ मिमी कमी! आणि गाडीची उंची व्यासाच्या निम्म्यानं बदलते, म्हणजे गाडी अडीच मिमी खालीच जाणार, वर नाही. अडीच मिमीनं काही बिघडत नाही, पण "गाडी उचलली जाते" हे जे सांगितलं ते साफ चूक आहे. रुंद टायर बघून डोळ्याला गाडी उंच वाटते एवढंच.

१७५/८० आर१४ चा व्यास येतो ६३५.६, म्हणजे १६ मिमी जास्त, गाडी ८ मिमी वर. टक्क्यात २.६ वाढ. आम्ही दुकानात धरतो की मूळ व्यासापासून दोन टक्क्यांच्या आत राहिलं तर निवांत, तीनच्या वर कुणी मागितला तरी बसवत नाही. हा मधे येतो. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी १०२-१०३ नं पळत असेल. कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढं ठेवतात त्यामुळं लगेच चलान बसेल असं नाही, पण ती पुढं ठेवलेली जागा तुम्ही खाऊन टाकता. शिवाय चाक मोठं झालं की गिअरिंग लांब होतं, पाच माणसं आणि सामान घेऊन चढाला गाडी थोडी दमल्यासारखी वाटते. आणि पूर्ण लोड असताना स्टिअरिंग कडेपर्यंत वळवून खड्ड्यात चाक गेलं की मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला टायर लागतो का हे बघावं लागेल. रिकाम्या गाडीवर दुकानात लागत नाही, घरी गेल्यावर लागतं.

तुमच्याच मॉडेलला वरच्या व्हेरियंटमध्ये, म्हणजे झेडएक्सआयला, कंपनी १८५/६५ आर१५ देत होती. त्याचा व्यास काढा, १२०.२५ दोनदा २४०.५ अधिक १५ इंचाचे ३८१, म्हणजे ६२१.५. बघा, मूळ टायरपेक्षा दोन मिमीचा सुद्धा फरक नाही. कंपनीनं हे उगाच जुळवलेलं नसतं, स्पीडोमीटर, एबीएस, सस्पेन्शन सगळं त्याच व्यासावर बसवलेलं असतं.

जुळे_सोलापूरकर

दादा हे लई कामाचं सांगितलं, धन्यवाद. म्हणजे उंचीसाठी मी १८५/७० घेणार होतो आणि उलटंच झालं असतं. पण १८५/७० त्याच डिस्कवर बसतो हे तरी बरोबर आहे का? आणि १९५/५५ आर१६ चा व्यास पण मी काढून बघितला, ६२०.९ येतोय, म्हणजे मूळच्या अगदी जवळ. मग भाऊ म्हणतो ते बरोबरच की?

पान्हा_जॅक

व्यास बरोबर काढलात. पण व्यास ही पहिली चाळण, शेवटची नाही.

डिस्कचं आधी. डिस्क काढली की तिच्यावर १४ x ५ जे असं काहीतरी कोरलेलं दिसेल, त्यातला ५ म्हणजे डिस्कची रुंदी इंचात. प्रत्येक टायरला किती ते किती रुंदीची डिस्क चालते हे ठरलेलं असतं. १८५/७० आर१४ ला साडेचार ते सहा इंच चालते, म्हणजे ५ वर बसतो, नियमातच बसतो, पण त्याची मापाची डिस्क साडेपाच आहे. ५ वर तो थोडा आवळल्यासारखा बसतो, साइडवॉल फुगीर दिसते, वळणावर जरा जास्त हलते. चालतं, पण १८५ चा पूर्ण फायदा त्या डिस्कवर मिळत नाही. काही दुकानांत १९५ सुद्धा ५ इंची डिस्कवर चढवून देतात, त्याला सरळ नाही म्हणा. १९५/६५ आर१५ ला किमान साडेपाच लागते.

दुसरं लोड इंडेक्स. साइजच्या पुढं ८५टी किंवा ८८एच असं लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे एक टायर किती वजन झेलतो, ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. अक्षर म्हणजे वेग, टी १९० पर्यंत, एच २१० पर्यंत. तुमच्या जुन्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलं तर हरकत नाही. साइज तोच असून सुद्धा वेगवेगळ्या टायरवर हा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून बिलावर नाही, टायरवर वाचायचं.

१६ इंचीबद्दल दुसऱ्या कुणीतरी अनुभव सांगावा, माझं मत विचाराल तर गावाकडच्या त्या रस्त्याला नको.

भीमाकाठची

मी सांगते. माझं रोजचं येणंजाणं सोलापूर-मंगळवेढा रोडनं, बेगमपूरच्या पुलावरून, त्यामुळं तुमचा रस्ता मला माहितीये. आमच्या घरात एका गाडीला मोठे अलॉय आणि पातळ टायर होते आणि एकीला कंपनीचे उंच साइडवॉलचे, दोन्ही मी चालवलेल्या आहेत.

१६५/८० ची साइडवॉल १३२ मिमी, १९५/५५ ची १०७. हा जो २५ मिमी रबर कमी झाला तोच खड्ड्यात गाडीला वाचवत असतो. उसाच्या दिवसात रात्री समोरून ट्रॅक्टरचा उजेड डोळ्यावर येतो, डांबराची कड तुटलेली दिसत नाही, चाक खाली उतरतं आणि परत वर चढतं, त्यावेळी डिस्कची कड आणि रस्त्याची कड ह्यांच्यामध्ये साइडवॉल चिमटली जाते. आतले धागे तिथं तुटतात. बाहेरून त्या वेळी काहीच दिसत नाही, हवा पण जात नाही, दोन-चार दिवसांनी गाडी पुसताना हाताला साइडवर लिंबाएवढा फुगा लागतो. तो टायर संपला, फुग्याला पंक्चरसारखी दुरुस्ती नसते, आणि तसाच घेऊन हायवेला गेलं तर फुटणारच. वर अलॉय वाकला तर सरळ करून घेतला तरी व्हायब्रेशन राहतं. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून बऱ्यापैकी सरळ होते, गावात सुद्धा करून देतात.

आईंच्या कमरेचं म्हणालात म्हणून अजून सांगते, दणका कमी पाहिजे असेल तर साइडवॉल उंच असलेलीच बरी, ह्यात दुसरा इलाज नाही. रुंद टायरनं दणका कमी होत नाही.

आणि साइज कुठलाही घ्या, हवा बघा. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ असतं, काँक्रीटचा रस्ता तर हात ठेवू देत नाही. टायर तापून फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळं, कारण कमी हवेत साइडवॉल सारखी दुमडते आणि आतून तापते, वरचं ऊन त्यात भर घालतं. लोक उलटं करतात, उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवतात. ड्रायव्हरच्या दाराच्या आत स्टिकर असतो, त्यावर दोन-तीन माणसांसाठी वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो सकाळी गाडी थंड असताना भरायचा. टेंभुर्णीपर्यंत गेल्यावर पंपावर मोजली तर चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच, ती काढायची नाही. नायट्रोजनचा आग्रह धरू नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, नियमित बघितलेली साधी हवा चांगली.

पार्क_चौक

ताई, फुग्याचं पटलं. पण पान्हा भाऊ, १८५ टाकल्यावर ब्रेक खरंच सुधारला होता हो माझा, हे मनाचं नाही सांगत. आणि ॲव्हरेज पडलं ते रुंदीमुळंच ना?

पान्हा_जॅक

सुधारला असणारच, मी खोटं नाही म्हणत. पण तुलना कशाची कशाशी झाली बघा. घासून गुळगुळीत झालेला, पाच-सहा वर्षांत कडक झालेला १६५ काढला आणि ताजा मऊ रबराचा १८५ घातला. त्या दिवशी ताजा १६५ घातला असता तरी ब्रेक सुधारलाच असता. रुंदीचा वाटा असतो, कोरड्या रस्त्यावर आणि वळणावर जास्त जाणवतो, पण पावसात साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, तिथं नक्षीची खोली आणि रबराची जात महत्त्वाची. दोन वेगवेगळ्या कंपाउंडच्या, म्हणजे रबराच्या मिश्रणाच्या, १६५ मधला फरक सुद्धा बऱ्याचदा १६५ आणि १८५ मधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

ॲव्हरेजचं दोन भाग आहेत. रुंद टायर जड असतो, रस्त्याला जास्त ओढतो, ते खरं. पण व्यास बदलला की किलोमीटरचा आकडा पण बदलतो हे कुणी धरत नाही. १७५/८० घातला तर मीटरवर १००० पडतील तेव्हा गाडी खरी १०२६ चाललेली असेल, म्हणजे पेट्रोल तेवढंच जळून सुद्धा हिशोबात ॲव्हरेज कमी दिसतं. छोटा व्यास घातला की ह्याच्या उलट, आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. तुमच्या १८५/७० मध्ये हा भाग एक टक्क्याच्या आतच आहे, त्यामुळं तुमचं पडलं ते बहुतेक रुंदी आणि वजनामुळंच, शिवाय नवा टायर घासेपर्यंत थोडं पडतंच.

सर्व्हे_रिपोर्ट

इन्शुरन्स आणि आरटीओचा प्रश्न राहिला म्हणून लिहितो, अपघात झालेल्या गाड्या तपासायचं काम करतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर आलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या प्रकरणात हेच अजून घट्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आली. आता १६५ चा १८५ केला म्हणून रस्त्यात कुणी थांबवतं असं सहसा होत नाही, पोलीस बघतात ते मडगार्डच्या बाहेर आलेले टायर आणि गोटा झालेले टायर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९४ प्रमाणं कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी पाहिजे, तुम्ही ज्या खुणा म्हणताय त्या तिथंच दिलेल्या असतात, म्हणजे तुमचे पुढचे आत्ताच बदलण्याच्या वेळेला आलेत, साइज ठरेपर्यंत लांबवू नका.

खरा प्रश्न क्लेमच्या वेळी येतो. टायर फुटून गाडी पलटली तर मी टायरचा साइज, लोड इंडेक्स, तारीख सगळ्याचे फोटो काढतो, हा माझ्या कामाचाच भाग आहे. साइज मॅन्युअलमध्ये किंवा दाराच्या स्टिकरवर असेल तर पुढं वाद वाढत नाही. नसेल तर इन्शुरन्स कंपनी प्रश्न विचारणार आणि उत्तर द्यायची जबाबदारी तुमच्यावर. म्हणून वेगळा साइज किंवा बाहेरचे अलॉय घालायचे असतील तर आधी इन्शुरन्स कंपनीला मेल टाकून कळवा आणि उत्तर लेखी घ्या, फोनवर "चालतंय साहेब" म्हणाले ह्याला काही अर्थ नाही. अलॉयची वेगळी किंमत पॉलिसीत दाखवली नसेल तर ते चोरीला गेल्यावर मिळत पण नाहीत.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार, खरंच मनापासून. आता चित्र स्पष्ट झालं. उंची टायरनं वाढवायच्या नादाला लागत नाही, ८ मिमीसाठी एवढं सगळं कशाला. १६ इंची तर डोक्यातून काढलंच. १६५/८० आर१४ तोच घेतो आणि वाचलेले पैसे चांगल्या कंपाउंडच्या टायरला घालतो. फक्त एवढं सांगा पान्हा दादा, दुकानात उभं राहून काय काय बघू? आणि मागचे दोन जुने त्यातला एक स्टेपनीला ठेवू का?

पान्हा_जॅक

बरोबर ठरवलंत. गाडी खाली घासते म्हणालात त्याला मागचे शॉकअप आणि स्प्रिंग एकदा दाखवून घ्या, २०१९ ची गाडी आहे, पाच माणसं बसल्यावर मागून जास्त दबत असेल तर उंची तिथं गेलेली असते. टायरच्या ८ मिमीपेक्षा तिथं जास्त परत मिळू शकतं.

दुकानात सगळ्यात आधी तारीख बघा. साइडवॉलवर डॉट असं लिहून पुढं आकडे असतात, शेवटचे चार बघायचे, १४२५ असेल तर २०२५ चा १४ वा आठवडा. ते चार आकडे एकाच बाजूला असतात, दिसले नाहीत तर टायर फिरवून दुसरी बाजू बघा, लाजायचं काही कारण नाही. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपासच्या तारखेचे घ्या. आयएसआयचा शिक्का, साइज, लोड इंडेक्स ८५ किंवा वर. टायर बसवताना वॉल्व्ह नवीन घालायला सांगा, तापलेल्या रबराचा जुना वॉल्व्ह मुळाशी चिरतो आणि हळूहळू हवा जाते, मग लोक टायरला दोष देतात. बॅलन्सिंग चारही चाकांचं, अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा दोन्ही कागद मागून घ्या. जुने पुढचे टायर सोडायच्या आधी हात फिरवून बघा, फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर आधी बुश आणि टाय रॉड तपासा, नाहीतर नवीन टायर पण त्याच मार्गानं जातील. नट पायानं दाबून नाही, टॉर्क पान्ह्यानं आवळायला सांगा आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर परत एकदा तपासून घ्या.

स्टेपनीचं म्हणाल तर चिरा पडलेला टायर स्टेपनीला नको, गरज लागेल तेव्हा तो भर उन्हात हायवेला लागेल. डिकीतली स्टेपनी अजून कंपनीचीच असेल तर तिची पण तारीख बघा, नक्षी कोरी दिसली तरी रबर २०१८-१९ चं असणार. ती शहरात पंक्चरवाल्यापर्यंत जायला ठीक आहे, तिच्यावर पुणे गाठायचं नाही. जमलं तर पाचवा टायर पण आत्ताच घ्या, त्याच नमुन्याचा, मग दर सात-आठ हजार किलोमीटरला पाचही फिरवता येतात.

भीमाकाठची

आणि बसवून झाल्यावर दुकानातल्या पोरानं हवा किती भरली ते तिथंच मोजून बघा. नवीन टायर रिममध्ये नीट बसावा म्हणून जास्त हवा मारतात आणि मग गडबडीत तशीच राहते. दाराचा स्टिकर दाखवून तेवढीच करून घ्या, पुढच्या आणि मागच्याचा आकडा वेगळा असेल तर तो पण सांगा.